पहिल्या धारेची : एका शब्दप्रयोगाची अबकारी

अमेरिकेत स्थायिक झालेला आमचा एक माजी विद्यार्थी मागच्या दिवाळीत घरी, म्हणजे खामगावला आला होता. मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेला आणि पुढे संगणकाच्या वाटेने केंटकी राज्यात पोहोचलेला हा तिशीतला तरुण हल्ली बर्बन नावाची व्हिस्की जमवतो. पितो कमी, जमवतो जास्त, असे त्याचेच म्हणणे. आम्ही दोघेही एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि विद्यार्थ्यांच्या छंदांविषयी नसते कुतूहल बाळगतो, म्हणून त्याने फोनवरचे छायाचित्र आमच्यापुढे धरले. फडताळात एकाच व्हिस्कीच्या दहा-बारा बाटल्या एकीशेजारी एक मांडलेल्या होत्या. सगळ्यांवर नाव एकच, एलायजा क्रेग. फरक काय तो कोपऱ्यात छापलेल्या एका संकेताक्षरात आणि एका आकड्यात. "सर, यांतली कुठलीही दुसरीसारखी नाही," तो म्हणाला, आणि निघता निघता एक प्रश्न टाकून गेला : "बॅरल प्रूफला मराठीत काय म्हणायचं?"

प्रश्न साधा होता. उत्तरही आम्ही उंबऱ्यावरच देऊन टाकले : "पहिल्या धारेची म्हण." तो खूश होऊन गेला. आम्हालाच मग दोन दिवस चैन पडेना. हा लेख म्हणजे त्या घाईच्या उत्तराची उलटतपासणी आहे.

आधी त्याच्या फडताळाकडे पाहू. बर्बन होण्यासाठी अमेरिकी कायद्याने धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते. पिंपात भरताना तिची तीव्रता १२५ प्रूफपेक्षा, म्हणजे ६२.५ टक्के अल्कोहोलपेक्षा जास्त चालत नाही. बाटलीत भरताना बहुतेक कारखाने तिच्यात पाणी घालून तीव्रता ठरावीक पातळीवर आणतात आणि शेकडो पिंपे अशी मिसळतात की यंदाची बाटली गेल्या वर्षीच्या बाटलीहून वेगळी लागू नये. 'बॅरल प्रूफ' म्हणजे हे पाणी न घातलेली. पिंप रिकामे करताना जी तीव्रता भरली, तीच बाटलीत. आता गंमत अशी की केंटकीतल्या कोठारांच्या वरच्या मजल्यांवर उन्हाळ्यात उष्णता साठते, पिंपातले पाणी अल्कोहोलपेक्षा जलद उडते आणि वर्षे जातील तशी तीव्रता वाढत जाते. थंड, दमट स्कॉटलंडमध्ये ती बहुधा उतरते. कोठाराचा मजला, भिंतीपासूनचे अंतर, त्या वर्षांचे हवामान या सगळ्यांची खूण त्या आकड्यात राहते. हेवन हिल या कंपनीची ही व्हिस्की २०१३ पासून साधारण वर्षातून तीनदा निघते. २०१७ पासूनच्या संकेताक्षरातले पहिले अक्षर त्या वर्षातला क्रम सांगते, पुढचा आकडा महिना, शेवटचे दोन वर्ष. बी ५१७ म्हणजे २०१७ सालची दुसरी खेप, मे महिन्यातली. तिची तीव्रता १२४.२ प्रूफ. बरोबर वर्षाने आलेली बी ५१८ मात्र १३३.४ प्रूफची. कारखाना तोच, कृती तीच, मुरवण्याची वर्षे दोन्हींची बारा.

आमच्यासारख्यांना यात परके वाटावे असे काही नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींचे पाठभेद जुळवण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली अशा गुरूंच्या हाताखाली आम्ही शिकलो. एकाच ग्रंथाच्या दोन प्रती सारख्या नसतात आणि त्या सारख्या नसण्यातच ग्रंथाचा इतिहास असतो, हे आम्हाला पटवून सांगावे लागत नाही. हा मुलगा पाठभेद जमवतो आहे, एवढेच. बॅचला त्याने 'आवृत्ती' हा शब्द योजला होता. आमच्या मते स्वयंपाकघरातला 'घाणा' अधिक बरा. तेल तेच, पीठ तेच, तरी पहिला घाणा आणि तिसरा घाणा कधी सारखे उतरत नाहीत, हे सणाच्या दिवशी कढईपाशी बसलेल्या कुठल्याही गृहिणीला ठाऊक असते.

आता आमचे उत्तर. 'पहिल्या धारेची' हा शब्दप्रयोग आज मराठीत सर्रास रूपकाने वापरला जातो. पहिल्या धारेचा विनोद, पहिल्या धारेची शिवी, क्वचित पहिल्या धारेची कवितासुद्धा. पाणी न घातलेले, अस्सल, थेट डोक्यात जाणारे असा त्याचा भाव. वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती धार पाहिलेली नसते. आम्हीही पाहिली नव्हती.

बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या बोलण्यातच आहेत : घाटावर आणि घाटाखाली. घाटाखाली पूर्णेचे काळे, कापसाचे खोरे आणि ते ओलांडून उत्तरेला गेले की जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुडा उभा राहतो. कोरकू, निहाल, भिलाला यांची ही वस्ती, आणि मोहाची झाडेही इथलीच. मार्च-एप्रिलमध्ये पानगळ झालेल्या फांद्यांवरून मोहाची फिकट, मांसल फुले पहाटे गळतात. झाडाखालचा पालापाचोळा आधी जाळून जमीन साफ केलेली असते. बाया-पोरे उजाडायच्या आत टोपल्या घेऊन वेचायला जातात. फुले उन्हात वाळवली की मनुकांसारखी तपकिरी होतात. त्यांत साखर इतकी असते की ती नुसतीही खातात, भाकरीत मिसळतात, आणि दुष्काळात तर त्यांच्यावरच दिवस काढलेले आहेत. तीच फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबू दिली की तयार होतो तो सडवा. सडव्याचे भांडे चुलीवर चढवायचे, तोंड मातीने लिंपायचे, वाफ पोकळ बांबूतून थंड पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरवायची. दारू 'गाळणे' म्हणतात ते हे. सुरुवातीला जी उतरते ती पहिली धार, सर्वांत तीव्र. पुढे पाण्याचा अंश वाढत जातो आणि धार 'उतरते'.

परवाच्या उन्हाळ्यात आम्ही त्या बाजूच्या एका गावी गेलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण उघड आहे. ज्यांच्या अंगणात बसलो त्या आजींची मातृभाषा कोरकू, पण आमच्याशी त्या वऱ्हाडीत बोलत होत्या. पहिली धार कशी ओळखायची, असे विचारल्यावर त्यांनी आमच्या अज्ञानाची कीव आल्यासारखे पाहिले. "चुलीत टाकून पाहायची गुरुजी. पेटली तं पहिली, नाही पेटली तं पाणी." वाळलेली फुले जुनी की नवी, पाणी विहिरीचे की नाल्याचे, जाळ सागाचा की धावड्याचा, थंडीचे दिवस की उन्हाळ्याचे, यांनुसार प्रत्येक घाणा वेगळा उतरतो, हेही त्यांनीच सांगितले, तेही अशा सुरात की यात सांगण्यासारखे ते काय.

चुलीत टाकून पाहण्याची ती कसोटी ऐकताच आम्हाला आमच्या विद्यार्थ्याचा 'प्रूफ' हा शब्द आठवला. इंग्लंडात या शब्दाची परंपरागत कथा अशी सांगतात : दारूवर कर बसू लागला तेव्हा तिची तीव्रता ठरवण्यासाठी बंदुकीची दारू तिच्यात भिजवून काडी लावत. पेटली तर दारू 'सिद्ध' झाली. म्हणजे एका अंगणातली चूल आणि एका साम्राज्याचा महसूल दोन्ही एकाच ज्वाळेपासून सुरू झाले. (आणि मराठीत 'दारू' हा एकच शब्द दोन्ही पदार्थांना आहे, ही भाषेची मिस्कीलीच म्हणायची.) फरक पुढे पडला. १८१६ च्या कायद्याने ब्रिटनने साइक्स याचा द्रवमापक अधिकृत ठरवला आणि जळण्याच्या कसोटीचे अंशांत रूपांतर झाले. १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल. त्याच्यावर ते 'ओव्हर प्रूफ', खाली ते 'अंडर प्रूफ'. हे अंश अबकारी खात्याच्या पेटीतून हिंदुस्थानात आले. आजही भारतीय व्हिस्की-रमच्या आणि देशी दारूच्या बाटल्यांवर ४२.८ टक्के हा विचित्र आकडा आढळतो. तो ४० का नाही, ४५ का नाही? कारण ५७.१ चा पाऊण हिस्सा ४२.८ होतो. पंचवीस अंश अंडर प्रूफ. ब्रिटनने स्वतः १९८० साली ही मोजणी सोडली. आपल्या बाटलीवर ती छापली जात राहिली.

या आकड्यामागे जो इतिहास आहे त्यातच आमच्या चुकीच्या उत्तराचे मूळ आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

'गुत्ता' या शब्दाचा मूळ अर्थ दारूचे दुकान असा नाही. गुत्ता म्हणजे मक्ता, इजारा. शब्द कानडीकडून आला. दारू गाळण्या-विकण्याचा हक्क लिलावात मक्त्याने देण्याची पद्धत इतकी रुळली की मक्ता हेच दुकानाचे नाव झाले. महसुली शब्दाने पेयाच्या जागेवर असा कब्जा केल्याची उदाहरणे भाषेत फार नसतील. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले, १९०२ मध्ये कायम पट्ट्याने मिळाले आणि १९०३ पासून मध्य प्रांताला जोडले गेले. एकोणिसाव्या शतकात देशाच्या बऱ्याच भागांत चालत होती ती स्थानिक भट्ट्यांची पद्धत : ठरावीक टापूतला मक्ता घ्यायचा, आपल्या भट्टीवर हवी तशी गाळायची, हवी तितकी विकायची. सरकारला लिलावाची रक्कम मिळाली की काम झाले. कलाल, म्हणजे आपल्याकडचे कलार, हे काम करीत. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात कलारांच्या नोंदीत दारूविषयीच पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. या पद्धतीत दारू स्वस्त होई, पिणे वाढे आणि तीव्रतेला धरबंध नसे, ही टीका खोटी नव्हती. पण त्या अव्यवस्थेत प्रत्येक भट्टीची दारू त्या भट्टीची होती.

सरकारला मात्र पिणाऱ्याकडून नव्हे, तीव्रतेवर कर हवा होता. तो घ्यायचा तर दारू मोजता आली पाहिजे, आणि मोजायची तर ती एका जागी, एका तीव्रतेची निघाली पाहिजे. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्यानंतर हे झपाट्याने झाले. उरणच्या भट्ट्यांवर मोहाची दारू मोठ्या प्रमाणावर गाळली जाऊ लागली आणि २५ व ६० अंश अंडर प्रूफ अशा ठरीव तीव्रतांनी दुकानांत जाऊ लागली. पुढची पायरी १८९२ ची. मुंबई सरकारच्या म्हौरा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्या-विकण्यावरच बंधने आली. ज्या फुलांवर माणसे दुष्काळ काढत, ती फुले घरात असणे संशयास्पद झाले. १९०५-०६ च्या भारतीय अबकारी समितीने स्थानिक भट्ट्या बंद करून ठेकेदाराच्या मोठ्या कारखान्यातून पुरवठा करण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला आणि मध्य प्रांत-वऱ्हाडही त्याच वाटेने गेला. आता घाण्यागणिक बदलणारी दारू ही चव राहिली नाही. ती करचुकवेगिरीची खूण झाली. ठरीव अंशांची ती कायदेशीर, वेगळी लागेल ती चोरटी.

इथे एका गैरसमजाला जागा राहू नये. दारूविरोध हा काही साहेबाच्या महसुलाचा उपद्व्याप नव्हता. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी दारूची दुकाने वाढवण्याला लेखी विरोध केला तो गरिबांचे संसार डोळ्यांपुढे ठेवून. सरकार एका हाताने दुकाने वाढवत होते आणि दुसऱ्या हाताने घरची भट्टी मोडत होते. फुल्यांचा रोख पहिल्या हातावर होता. दुसऱ्या हाताविषयी बोलणारे कोणी फारसे निघाले नाही.

स्वातंत्र्याच्या चळवळीने दारूबंदीला नैतिक अधिष्ठान दिले. मध्य प्रांत-वऱ्हाडातही १९३८ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीचा कायदा केला. १९५६ साली बुलडाण्यासह विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे त्या राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडेही लागू झाला. तो महाराष्ट्रात अजून आहे. पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो, कायद्याच्या भाषेत, प्रकृतीच्या रक्षणासाठी दिला जातो. अमेरिकेच्या १९२० ते १९३३ या दारूबंदीतही व्हिस्की डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळत होती, हे आमच्या विद्यार्थ्याने सांगितले तेव्हा आम्हाला बंधुभाव वाटला. पुढे १९७३ च्या देशी दारू नियमांनी संत्र्याच्या वासाची, ठरीव तीव्रतेची, पेटीबंद देशी दारू रीतसर बाजारात आणली. उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून ती बनते. साखर कारखानदारीला गिऱ्हाईक मिळाले आणि मोह कायद्याबाहेरच राहिला.

आमच्या जिल्ह्यात एखाद्या घाण्याची तारीख, जागा आणि प्रमाण यांची लेखी नोंद होते ती एकाच ठिकाणी : पंचनाम्यात. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर येते, 'मोहाचा सडवा नष्ट', पुढे लिटर, पुढे रुपयांतली किंमत, पुढे आरोपीचे नाव. केंटकीतल्या खेपेला बी ५१७ म्हणतात. इथल्या खेपेला गुन्हा क्रमांक असतो. आणि नोंद होते तीच मुळी ती ओतून दिल्यावर.

तिकडे हे असे का झाले नाही? कर तिथेही होता, दारूबंदी तिथेही आली. आम्हाला वाटते, निर्णायक वळण १८९७ सालचे. त्या काळी अमेरिकेत व्हिस्कीच्या नावाखाली कच्च्या अल्कोहोलात तंबाखूच्या रसापर्यंत काहीही मिसळून विकत. त्यावर सरकारने 'बॉटल्ड इन बाँड' कायदा केला. एकाच कारखान्याची, एकाच हंगामातली, चार वर्षे सरकारी कुलपाखालच्या कोठारात मुरलेली, १०० प्रूफची व्हिस्की असेल तर तिला सरकार आपली हमी देईल आणि बाटलीवर कारखान्याची ओळख असेल. हेही प्रमाणीकरणच, तीव्रता तिथेही ठरवून दिली. पण त्याने कारखाना आणि हंगाम पुसले नाहीत, उलट लिहून ठेवायला लावले. ज्या दशकात तिकडे सरकारी शिक्क्याने 'कुठली आणि केव्हाची' हे दारूच्या अंगावर लिहिले गेले, त्याच दशकात इकडे फुले घरात ठेवणेही संशयास्पद ठरले. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने बर्बन हे त्या देशाचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचा ठराव केला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जिम बीम घराण्यातल्या बुकर नो यांची, पाणी न घातलेली आणि खेपेगणिक बदलणारी 'बुकर्स' बाजारात आली. खेपा सारख्या नाहीत हे लपवण्याऐवजी सांगायचे, आणि सांगून अधिक किंमत घ्यायची, ही चाल पुढे सर्वांनीच उचलली. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याच्या फडताळाला रुची कारण आहे, पण त्याआधी शंभर वर्षांचे कागदपत्र कारण आहेत.

हे सगळे लिहिताना मोहाच्या दारूचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. बंदीच्या काळोखात मोहाच्या जागी गूळ-नवसागर आला आणि पुढे शहरांत औद्योगिक मिथेनॉल आले. १९९१ च्या शेवटच्या रात्री विक्रोळीत आणि २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत जे मृत्यू झाले ते मिथेनॉलने झाले, मोहाने नव्हे. पण मोह पिऊनही संसार मोडतात. आमच्याच जिल्ह्यातल्या बाया 'आडवी बाटली'साठी रांगेत उभ्या राहिलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मतपत्रिकेवरच्या या दोन चिन्हांनी मराठी राजकीय भाषेत घातलेली भर कुणीतरी स्वतंत्रपणे अभ्यासायला हवी.

मुद्दा वेगळा आहे. या पेयाविषयी बोलायला मराठीत भाषाच उरलेली नाही. तर्र, टल्ली, टाईट, झिंगणे, ढोसणे, चढणे. पिणाऱ्याच्या अवस्थेला आपल्याकडे शब्द शेलके आहेत. चपटी, खंबा, नवटाक. मापांनाही आहेत. पण जे प्यायले जाते त्याचा वास, चव, पोत यांना? नेहमीच असे नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधू असे प्रकार घटकांच्या मापांसह दिले आहेत, आणि उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवस गाळण्याची मोकळीक द्यावी असेही तिथेच सांगितले आहे. रघुवंशात इंदुमतीच्या स्वयंवरात वरमाला आहे ती मधूकाच्या फुलांची, म्हणजे मोहाचीच. महाराष्ट्री प्राकृतातली आपली सर्वांत जुनी कविता, हालाची गाथासप्तशती, तिच्यात तर मोहाचे झाड पुनःपुन्हा येते. गोदेच्या काठी, फुलांनी वाकलेले, वेचायला आलेल्या बाईच्या संकेताचे ठिकाण म्हणून. ज्या भाषेतून मराठी निघाली तिच्या पहिल्या पानावर मोह फुललेला आहे.

आधुनिक मराठी साहित्यात दारू आली ती गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तून. नाटक रंगभूमीवर आले १९१९ च्या फेब्रुवारीत, आणि त्याआधी महिनाभरच गडकरी आपल्या विदर्भात, सावनेरला वारले होते. सुधाकराचा प्याला हा नीतीचा प्याला आहे. त्यात काय होते, कसे लागत होते, हे विचारणे त्या नाटकात शक्यच नाही, आणि आमच्या वर्गातही गेल्या वीस वर्षांत कुणी विचारलेले नाही. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाने हसू आणले, शब्दही दिले, पण तेही पिणाऱ्यांविषयी. १९७० नंतरच्या दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत हातभट्टी आतून दिसते. जाळ, धूर, पोलिसांची चाहूल, लपवलेले पिंप. ते वास्तव अस्सल आहे. पण तिथेही भट्टी म्हणजे धाक आणि पोट. चवीविषयी बोलण्याची सवड त्या माणसांना नव्हती, आणि ज्यांना सवड होती त्यांना ती चव ठाऊक नव्हती.

परिस्थिती थोडी हलते आहे. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि २०१६ मध्ये राज्याने तिला वारसापेयाचा दर्जा दिला. उर्राक आणि फेणी यांतला फरक, फेणीची 'ग्राव'मध्ये होणारी मोजणी हे शब्द तिथे घराघरांत जिवंत आहेत, कारण ती लपूनछपून करावी लागली नाही. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशाने अलीकडे वारसा-मद्याचे धोरण आणून आदिवासी बचत गटांना मोहाची दारू गाळून बाटलीत भरायला वाव दिला. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करण्यावरचे व बाळगण्यावरचे निर्बंध सैल केले. गाळणे मात्र गुन्हाच राहिले. जळगाव जामोदच्या उत्तरेला डोंगराच्या एका उतारावर वारसा आणि दुसऱ्यावर गुन्हा, मधे झाड तेच. आजींना आम्ही हे सांगितले. त्यांना नवल वाटले नाही. त्यांचे माहेर पलीकडचेच.

आता उत्तराकडे परत येऊ. 'बॅरल प्रूफ' म्हणजे 'पहिल्या धारेची' नव्हे, हे आम्हाला मान्य करावे लागते. कारण तांत्रिक आहे तसे ऐतिहासिकही आहे. व्हिस्की गाळणारा पहिली धार घेत नाही, काढून टाकतो. तिच्यात उग्र, लवकर उडणारी द्रव्ये अधिक असतात, म्हणून तो मधला भाग तेवढा ठेवतो आणि त्याला पुढे वर्षानुवर्षे पिंपात थांबवतो. आपल्याकडे पहिल्या धारेला मान, कारण थांबणे शक्यच नव्हते. पोलीस यायच्या आत जी उतरली ती. बॅरल प्रूफ हा साठवणाऱ्याचा शब्द आहे, कोठार, कुलूप आणि तारीख असलेल्याचा. 'पहिल्या धारेची' हा ज्याच्याकडे उद्यापर्यंत काही राहणार नाही अशाचा शब्द. दोन्हींत पाणी नाही, एवढेच साम्य.

विद्यार्थ्याला आम्ही लांबलचक पत्र लिहून चूक कबूल केली आणि 'पिंपातली, जशीच्या तशी' असा गद्य अनुवाद सुचवला. त्याचे उत्तर चार ओळींचे आले. अनुवाद त्याला कंटाळवाणा वाटला. 'पहिल्या धारेची'च ठेवतो, म्हणाला. आणि वर विचारले की सातपुड्यातल्या त्या आजींची एक बाटली फडताळासाठी मिळेल का, हव्या त्या किमतीला. ते कायद्यात बसत नाही, आणि आजी बाटलीत भरून ठेवतही नाहीत, हे आम्ही कळवले. बाटलीऐवजी त्या दुपारी वहीत उतरवलेले शब्द पाठवले. सडवा किती दिवसांचा हे वासावरून सांगायचे तीन, जाळाच्या प्रकारांचे दोन, आणि धार उतरत चालल्याचे चार. त्यांतले पाच कोरकू आहेत, त्यांचे लेखन बरोबर झाले आहे की नाही हे पुढच्या फेरीत आजींना विचारून पाहायचे आहे.